योसेमिटीतील तंबूची जागा कोणाची?

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात उन्हाळ्याच्या दिवसांत एक तंबू ठोकण्याएवढी जागा मिळवणे, हे आता निसर्गप्रेमापेक्षा नशिबाचे काम झाले आहे. दर महिन्याच्या १५ तारखेला, तेथील घड्याळानुसार सकाळी सात वाजता, पाच महिन्यांनंतरच्या तारखांचे आरक्षण संगणकावर खुले होते. भारतात तेव्हा हंगामानुसार सायंकाळचे साडेसात किंवा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. त्यानंतर काही मिनिटांतच दरीतील प्रमुख तळ भरून जातात आणि असंख्य कुटुंबांच्या पदरी निराशा येते.

यात आता आणखी एका निर्णयाची भर पडली आहे. १ जानेवारी २०२६ पासून योसेमिटी, यलोस्टोन आणि ग्रँड कॅन्यनसह ११ प्रमुख राष्ट्रीय उद्यानांमध्ये, अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या १६ वर्षे व त्यावरील प्रत्येक पर्यटकाला नेहमीच्या प्रवेशशुल्काव्यतिरिक्त १०० डॉलर, म्हणजे सुमारे नऊ हजार रुपये, मोजावे लागतात. त्याऐवजी वार्षिक पास घ्यायचा झाल्यास रहिवाशांना ८० आणि इतरांना २५० डॉलर पडतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलांकडे जाणाऱ्या मराठी आई-वडिलांच्या सहलीच्या खर्चातही त्यामुळे वाढ होणार आहे.

प्रश्न मात्र केवळ खर्चाचा नाही. सार्वजनिक मालकीच्या जंगलात जागा थोडी आणि येणारे अनेक असतील, तर ती कोणाला द्यावी आणि कोणत्या निकषावर, हा खरा प्रश्न आहे. योसेमिटीने गेल्या शतकभरात त्याची अनेक उत्तरे देऊन पाहिली आहेत.

दरी लहान, गर्दी मोठी

राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १८६४ मध्ये योसेमिटीची दरी जनतेच्या उपयोगासाठी राखून ठेवण्याच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. १८९० मध्ये राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. १९०३ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर यांच्यासमवेत येथे उघड्यावर मुक्काम केला. अमेरिकेतील वनसंरक्षणाच्या इतिहासात हा प्रसंग महत्त्वाचा मानला जातो. त्या काळी मुक्कामासाठी जागेची वानवा नव्हती.

मोटारगाडीने हे चित्र पालटले. १९५४ मध्ये वर्षभरातील पर्यटकांची संख्या प्रथमच दहा लाखांवर गेली, तर २०१६ मध्ये तिने ५० लाखांचा टप्पा ओलांडला. उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे तीन हजार चौरस किलोमीटर असले, तरी बहुतेक पर्यटकांना जायचे असते ते जेमतेम १२ किलोमीटर लांबीच्या आणि दीड किलोमीटर रुंदीच्या दरीत. अप्पर पाइन्स, लोअर पाइन्स, नॉर्थ पाइन्स आणि गिर्यारोहकांचा प्रसिद्ध कॅम्प फोर हे तळ याच चिंचोळ्या पट्ट्यात आहेत. तंबूला तंबू लागलेला, शेजारच्या शेगडीचा धूर डोळ्यांत जाणारा, असा हा मुक्काम असतो.

त्यातच जानेवारी १९९७ मध्ये मर्सेड नदीला महापूर आला. नदीकाठचे तळ वाहून गेले आणि तंबूंच्या शेकडो जागा कायमच्या बंद झाल्या. नदीच्या पात्रालगत पुन्हा बांधकाम करावे की पूरक्षेत्र निसर्गाला परत द्यावे, हा वाद अनेक वर्षे न्यायालयांत चालला. नदीच्या व्यवस्थापनाचा आराखडा अखेर २०१४ मध्ये मंजूर झाला. मागणी वाढत असतानाच जागा घटल्या, हे आजच्या टंचाईचे एक प्रमुख कारण आहे.

अस्वलांनी शिकवलेला धडा

गर्दीचा पहिला फटका माणसांना नव्हे, तर काळ्या अस्वलांना बसला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उद्यानातच कचऱ्याचे ढीग टाकून अस्वलांना खाऊ घातले जाई आणि पर्यटक तो खेळ पाहण्यास जमत. माणसांच्या अन्नाची चटक लागलेली अस्वले पुढे तंबू फाडू लागली, मोटारींची दारे वाकवू लागली. १९९८ या एकाच वर्षात अशा दीड हजारांहून अधिक घटना नोंदवल्या गेल्या आणि साडेसहा लाख डॉलरहून अधिक नुकसान झाले. धीट झालेल्या काही अस्वलांना तर ठार करावे लागे.

त्यानंतर अमेरिकी काँग्रेसने खास निधी दिला. तंबूच्या प्रत्येक जागेवर अन्न ठेवण्यासाठी लोखंडी पेटी बसवण्यात आली. साबण आणि टूथपेस्टसह वास येणारी प्रत्येक वस्तू तीत ठेवणे सक्तीचे झाले आणि नियम मोडणाऱ्यास मोठा दंड ठेवण्यात आला. रात्री गस्त घालणारे कर्मचारी नेमले गेले. या उपायांमुळे अशा घटनांत ९० टक्क्यांहून अधिक घट झाली.

या अनुभवाचे मोल मोठे आहे. पर्यटकांची संख्या फारशी कमी न करताही गर्दीचा उपद्रव आटोक्यात आणता येतो, हे त्यातून दिसले. मात्र पेटी आणि दंड यांच्याइतकाच रात्री बारा वाजता तंबूंमधून फिरून उघडे राहिलेले अन्न उचलायला लावणारा माणूसही महत्त्वाचा ठरला, हे विसरून चालणार नाही.

वाटपाचे चार मार्ग

टंचाईची वस्तू वाटण्याचे ढोबळमानाने चार मार्ग असतात. जो आधी येईल त्याला, जो आधी बटण दाबेल त्याला, ज्याचे नाव सोडतीत निघेल त्याला, किंवा जो अधिक पैसे देईल त्याला.

पहिल्या मार्गात पहाटेपासून रांगेत उभे राहण्याची तयारी हीच पात्रता असे. त्यात दूरवरून येणाऱ्यांचे हाल होत, परंतु जवळच्या गावातील गरीब कुटुंबालाही संधी मिळे. ऑनलाइन आरक्षणाने रांग संपवली, पण वेगवान इंटरनेट, कार्यालयीन वेळेतील मोकळीक आणि पाच महिने आधी रजेची निश्चिती असलेल्यांचे पारडे जड केले. मोंटाना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही असेच आढळले. आरक्षणाच्या जागांवर उतरणारे लोक, रांगेतून जागा मिळवणाऱ्यांच्या तुलनेत, अधिक उत्पन्न असलेल्या भागांतून आलेले होते. नॉर्थ पाइन्स तळासाठी अलीकडे सोडतीचा प्रयोग झाला, तो याच पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण ठरतो.

तंबूच्या जागेचे भाडे एका रात्रीला ३६ डॉलर असून ते दरीतील हॉटेलांच्या तुलनेत अत्यल्प आहे. म्हणजे मुक्कामाबाबत चौथा मार्ग अद्याप पत्करलेला नाही. परदेशी पाहुण्यांवरील नवा आकार मात्र प्रवेशद्वारावर त्याच दिशेने टाकलेले पाऊल आहे. उद्यानांचा खर्च अमेरिकी करदाता उचलतो, तेव्हा पाहुण्याने अधिक द्यावे, या युक्तिवादात तथ्य आहे. भारतातही अनेक अभयारण्ये व स्मारकांत परदेशी पर्यटकांना जास्त शुल्क पडतेच. परंतु अधिक शुल्क घेतल्याने तंबूची एकही जागा वाढत नाही, हेही तितकेच खरे.

कर्मचाऱ्यांविना नियम

शुल्कवाढीचा पैसा देखभालीसाठी वापरला जाईल, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात २०२५ हे वर्ष उद्यान सेवेला कठीण गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये परिवीक्षाधीन असलेल्या सुमारे एक हजार कर्मचाऱ्यांना कमी करण्यात आले. पुढे न्यायालयीन आदेशांमुळे काहींना परत घेतले गेले, पण दरम्यान योसेमिटीला १५ जून ते १४ जुलै या ऐन हंगामातील जागांचे आरक्षण लांबणीवर टाकावे लागले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस सरकारी कामकाज ठप्प झाले, तेव्हा उद्याने अपुऱ्या मनुष्यबळावर खुली ठेवण्यात आली. २०२४ मध्ये देशभरातील राष्ट्रीय उद्यानांना विक्रमी ३३ कोटींहून अधिक भेटी नोंदवल्या गेल्या होत्या. भेटी वाढणे आणि माणसे घटणे, हे समीकरण कोणत्याही जंगलाला परवडणारे नाही.

भारतासाठी बोध

आपल्याकडे राष्ट्रीय उद्यानात तंबू घेऊन जाण्याची मुभा सर्वसामान्यांना नसते. कॉर्बेटमधील ढिकाला येथील वनविश्रामगृहासारखे मोजके अपवाद वगळता व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात मुक्कामाची सोय नाही, आणि वाघ व हत्ती यांचा वावर पाहता ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे तंबूंची गर्दी नाहीशी झालेली नाही. ती जंगलाच्या सीमेवर, धरणांच्या काठावर आणि हिमालयातील कुरणांवर सरकली आहे. उत्तराखंडमधील 'बुग्याल' म्हणजे उंचावरील गवताळ माळांवर रात्रीच्या मुक्कामास तेथील उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बंदी घातली. त्यामुळे गिर्यारोहणावर पोट भरणाऱ्या गावांची मोठी अडचण झाली. मावळात पवना धरणाच्या काठी तंबूंच्या रांगा दर शनिवारी दिसतात.

आपल्याकडे बहुधा दोनच टोके दिसतात. आधी काहीच नियम नसतात आणि हानी डोळ्यांवर येताच सरसकट बंदी येते. योसेमिटीने या दोहोंमधली वाट चोखाळली. जागा मोजून दिली, तंबूत किती माणसे राहतील हे ठरवले, अन्न व कचऱ्याचे नियम केले आणि ते पाळले जातात की नाही हे पाहण्यास माणसे नेमली. ही व्यवस्था निर्दोष नाही. ती संगणक हाताळता येणाऱ्याला झुकते माप देते, आणि मनुष्यबळ काढून घेतले की लगेच डळमळू लागते.

भारतात तंबू पर्यटनाचे धोरण आखताना हे दोन्ही दोष डोळ्यांसमोर ठेवावे लागतील. जागांचा काही हिस्सा सोडतीने, काही स्थानिकांसाठी आणि शालेय सहलींसाठी राखून ठेवता येईल. जमा होणाऱ्या शुल्काचा निश्चित वाटा गस्त व स्वच्छतेवर, आणि तोही लगतच्या गावांतील तरुणांमार्फत, खर्च करता येईल. सार्वजनिक जंगलातील एका रात्रीचा मुक्काम ही विकत घेण्याची वस्तू ठरू द्यायची नसेल, तर ती वाटण्याची न्याय्य रीत गर्दी होण्यापूर्वीच ठरवावी लागेल.