मरतुकीचा हिशेब कोणाच्या वहीत?

फेब्रुवारी 2006 मध्ये भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल जाहीर झाला आणि नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर एका दिवसात देशाला ठाऊक झालं. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो इथल्या अंड्यांच्या पोल्ट्रीत. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. चिकनचे भाव असे कोसळले की, ज्यांच्या शेडमध्ये एकही पक्षी आजारी नव्हता असे दूरदूरचे पोल्ट्रीवालेही त्यात भरडले गेले. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी 2021 मध्ये, त्याच नवापुरात रोग परतला आणि पुन्हा लाखो पक्षी खड्ड्यात गेले.

या काळात भरपाईचे दर वाढले. 2021 मध्ये अंड्यावरच्या कोंबडीला 90 रुपये आणि मोठ्या ब्रॉयलरला 70 रुपये मिळत होते. पैसे फक्त सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्याचे. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्याला काहीच नाही. वरवर हे निष्ठुर वाटतं, पण त्यात शहाणपण आहे. लपवाल तर बुडाल, लवकर कळवाल तर चार पैसे हाती लागतील, असा तो इशारा आहे.

हे शहाणपण तिथेच थांबतं. पोल्ट्रीच्या फाटकात फूटबाथ होता का, शेडच्या जाळ्या शाबूत होत्या का, मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरले जात होते की नाल्यात फेकले जात होते, याचा भरपाईच्या दराशी काही संबंध नाही. काटेकोर माणसाला 90 आणि बेफिकीर माणसालाही 90.

मग काटेकोर राहायचं कशासाठी? अंड्यांचे ट्रे, खाद्याची गाडी आणि पक्षी भरायला येणारी टोळी हे सगळे एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये फिरत असतात. एकाने फाटकावर औषधफवारणी केली आणि शेजाऱ्याने मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकली, तर उरलेलं काम कावळे आणि कुत्री करतात. खर्च एकाचा, फायदा सगळ्या परिसराचा. अशा व्यवहारात हात आखडता घेणारा शेतकरी अडाणी नसतो. त्याला हिशेब चांगला कळतो.

कराराच्या ब्रॉयलर धंद्यात हा हिशेब आणखी तिरपा होतो. पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि मजुरी शेतकऱ्याची. त्याला मिळतो तो वाढवलेल्या किलोमागे मोबदला, आणि मरतूक वाढली की तोही घटतो. साथ आली तर मारला जाणारा पक्षी कागदोपत्री कंपनीचा असतो. शेतकऱ्याच्या वाट्याला उरते रिकामी शेड आणि बँकेचा चालू हप्ता. रोग रोखण्याचं बहुतेक काम ज्याने करायचं, त्याचं नुकसान मोजायला मात्र कोणी बसत नाही.

अमेरिकेला हा धडा महागात पडला. 2015 च्या साथीत तिथे सुमारे पाच कोटी पक्षी गेले. त्यानंतर 2016 मध्ये नियम बदलले. भरपाई पक्ष्याचा मालक आणि करारावर पक्षी वाढवणारा शेतकरी यांच्यात विभागली जाऊ लागली, आणि मोठ्या पोल्ट्र्यांना रोगप्रतिबंधाचा लेखी आराखडा असल्याशिवाय पैसे नाहीत असं ठरलं. कागदावरचे आराखडे पुरेनात. 2022 पासूनच्या साथीत कोट्यवधी पक्षी मेल्यावर डिसेंबर 2024 मध्ये आणखी एक अट आली: एकदा बाधित झालेल्या पोल्ट्रीने पुन्हा भरपाई मागायची, तर नव्याने पक्षी भरण्याआधी तपासणीत उत्तीर्ण व्हायचं.

पशुकल्याण हा प्राणीप्रेमी मंडळींचा विषय आहे, असं मानायची आपल्याकडे रीत आहे. शेडमध्ये मात्र तो रोजच्या खर्चाचा विषय असतो. गर्दी झाली की तूस ओलं होतं, अमोनिया डोळ्यांना झोंबतो, पक्ष्यांची श्वसनसंस्था खिळखिळी होते आणि रोगाला दार उघडं मिळतं. विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात दाटीतले ब्रॉयलर आधी मरतात. ही गर्दी झाकायला वर्षानुवर्षं प्रतिजैविकं वापरली गेली. माणसांसाठी शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिनही त्यातलंच. पशुखाद्यातल्या त्याच्या वापरावर केंद्राने 2019 मध्ये बंदी घातली. अंड्याच्या कोंबडीसाठी 2023 च्या नियमांनी किमान 550 चौरस सेंटिमीटर जागा ठरवली. ए-फोर कागदही त्याहून मोठा असतो.

म्हणून पिंजरे उघडून सगळ्या कोंबड्या अंगणात सोडल्या, तरी प्रश्न सुटत नाही. मोकळी कोंबडी रानपक्ष्यांच्या विष्ठेपर्यंत सहज पोहोचते, आणि बर्ड फ्लूच्या हंगामात युरोपातले देश मोकळ्या कोंबड्यांनाही आत कोंडायचा आदेश देतात. उत्तर मधे कुठेतरी आहे: छताखाली, जाळीच्या आत, पण दाटी कमी. त्याचा खर्च अंड्यामागे काही पैशांनी वाढेल, आणि तो ग्राहकाने सोसायला हवा.

परसातल्या दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या आदिवासी बाईला अटी घालण्यात अर्थ नाही. तिला लस आणि पूर्ण भरपाई मिळायलाच हवी. पण हजारोंनी पक्षी ठेवणाऱ्याला आणि त्याच्या मागच्या कंपनीला सरकारी तिजोरीतला रुपया विनाअट का मिळावा? बर्ड फ्लू आपल्याकडे बहुधा थंडीतच डोकं वर काढतो. पशुसंवर्धन खात्याने पुढच्या थंडीआधी दोन ओळींचा नियम काढावा: तपासणी नाही तर भरपाई नाही, आणि भरपाईत शेड चालवणाऱ्याचा वाटा ठरलेला. दर वाढवायची चर्चा त्यानंतर करावी.