अमर शेख कोणाचे?

आमच्या परभणीत दोन म्हणी लहानपणापासून कानावर पडतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही एक आणि ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही दुसरी. पहिली मराठी, दुसरी दखनी वळणाची, आणि दोन्ही सगळेच म्हणतात. दुसरी मुसलमानांची आहे असं कोणाच्या मनातही येत नाही. गावाचा अभिमान इतका सहज असतो. मग महाराष्ट्राच्या अभिमानाची गोष्ट निघाली की आपण अवघडतो का?

हे सुचलं भाच्यामुळे. १ मेच्या सकाळी चौकात लाऊडस्पीकरवर जुने पोवाडे लागले होते. निवेदकाने शाहीर अमर शेख यांचं नाव घेतलं तसा तो म्हणाला, “मामू, ये अपनेवाले थे क्या?” मी हो म्हणालो. त्याचा चेहरा खुलला. मला मात्र ते ‘हो’ दिवसभर टोचत राहिलं.

मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म १९१६ सालचा, बार्शीचा. गरिबी अशी की मोटारीवर क्लीनर झाले, गिरणीत राबले, संपात उतरून तुरुंगात गेले. गाणं मिळालं आई मुनेरबीकडून. (माझी नानीही जात्यावर ओव्या म्हणायची, त्याही मराठीत. घरात बोलायची दखनी. यात काही विशेष आहे असं तिला कधी वाटलं नाही.) पुढे अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं राहिलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी मैदानं गाजवली. शंभराहून जास्त माणसं त्या लढ्यात हुतात्मा झाली, तेव्हा कुठे १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. निजामाच्या राज्यातून सुटलेला आपला मराठवाडाही त्याच महाराष्ट्रात आला.

आता आपण या माणसाचं काय करतो ते पाहा. ‘तुम्ही महाराष्ट्रासाठी काय केलं?’ असं कोणी विचारलं की रेशनकार्ड दाखवावं तसं त्यांचं नाव पुढे करतो. १७ सप्टेंबर जवळ आला, रझाकारांचा हिशेब मागितला गेला, की शोएबुल्लाह खान यांचं नाव काढतो. भारतात विलीन व्हा असं उर्दूत लिहिल्याबद्दल १९४८ साली त्या संपादकाचा हैदराबादेत खून झाला. दोन्ही नावं खरी, दोन्ही मोठी. पण पुरावा म्हणून ती काढणं म्हणजे आपण आरोपी आहोत हे आधी कबूल करणं.

समोरचेही कमी नाहीत. ‘मुसलमान असूनही महाराष्ट्राची गाणी गायले’ असं कौतुकाने म्हणतात. त्या ‘असूनही’मध्ये सगळं आलं. अण्णाभाऊंना, गवाणकरांना हा शब्द लागत नाही.

आणि आपल्या मोहल्ल्याने तरी त्यांना कुठे जपलं? गाणंबजावणं म्हणून काहींनी नाक मुरडलं, कम्युनिस्ट म्हणून काही लांब राहिले. त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख मराठीतल्या महत्त्वाच्या कवयित्री आहेत, त्यांचं एक पुस्तकसुद्धा मला आपल्या ओळखीच्या घरात दिसलेलं नाही. हक्क सांगायला मात्र आपण पुढे.

मला त्यांचा अभिमान वाटतो तो वेगळ्या कारणाने. त्यांना मातीचं प्रेम होतं, पण त्या मातीत राबणाऱ्याचं पोट रिकामं का, हे ते त्याच मंचावरून विचारत. आज १ मेला फेटे असतात, ढोल असतात, कापसाच्या भावाचा विषय नसतो. इथल्या काळ्या जमिनीत हिंदूही कर्जात आहे आणि मुसलमानही. हा शाहीर असता तर झेंडावंदनानंतर पहिलं तेच बोलला असता, आणि पुढच्या वर्षी त्याला बोलावलंच नसतं.

संध्याकाळी भाच्याला परत बोलावलं. म्हटलं, सकाळचं उत्तर अर्धं होतं. अमर शेख आपले, कारण ते बार्शीचे, मराठीत गाणारे, गिरणीत घाम गाळलेले. ते अण्णाभाऊंचे आहेत तसेच आपले.

तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, “बार्शी? अपनी पनवेल गाडी जाती ना वहाँ से?”

“जाती,” मी म्हणालो.