कुलूपबंद घरातला गारवा

विदर्भात उन्हाळ्याची सुटी ही केवळ विद्यार्थ्यांची सुटी नसते. ती साऱ्या घराची सुटी असते. येथील सूर्य मे महिन्यात असा काही तापतो की शासनालाही विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडाव्या लागतात. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत नागपूर, उमरेड, भिवापूर या पट्ट्यातील ज्याला शक्य आहे तो आठ-पंधरा दिवस कोकणात, चिखलदऱ्याला, हिमालयाच्या पायथ्याशी किंवा नातलगांकडे जातो. घराला कुलूप लागते. प्रश्न एवढाच उरतो की त्या कुलूपबंद घरात मागे काय चालू राहते?

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न हास्यास्पद वाटला असता. भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावी उन्हाळा निभत असे तो कवेलूचे छप्पर, जाड मातीच्या भिंती, अंगणातला कडुनिंब, ओसरीवरचा माठ आणि फार तर वाळ्याच्या पडद्यावर. त्यानंतर कूलर आला आणि आता वातानुकूलन यंत्र आले. ज्या गावाने आपली भौगोलिक मानांकन लाभलेली मिरची पिढ्यान्‌पिढ्या उन्हाच्या तापावरच वाळवली, त्या गावात आता सिमेंटच्या स्लॅबखाली एसी लागले आहेत. यात तक्रार करण्यासारखे काही नाही. सत्तेचाळीस अंशांच्या उष्म्यात वृद्ध माता-पित्यांना, तान्ह्या बाळाला, आजाऱ्याला गारवा मिळावा, ही चैन नव्हे, गरज आहे. यंत्राला नाके मुरडणारी भाबडी भाषा येथे उपयोगाची नाही.

परंतु गरज माणसाची असते, भिंतींची नव्हे. आणि नेमका हाच भेद अलीकडे पुसट होऊ लागला आहे. ‘घर फार तापू नये म्हणून’ एसी अठ्ठावीस-तीस अंशांवर चालू ठेवून गावाला जाणारी कुटुंबे आज दिसू लागली आहेत. भ्रमणध्वनीवरून दूर बसून यंत्र चालू-बंद करण्याची सोय झाल्यापासून परतीची गाडी सुटताच घर थंड करण्यास प्रारंभ करण्याची हौसही वाढली आहे. त्यामागे एक युक्तिवाद दिला जातो तो असा, की तापलेले घर पुन्हा थंड करण्यास जास्त वीज लागते, त्यापेक्षा ते मंद चालू ठेवलेले स्वस्त पडते.

हा युक्तिवाद ऐकायला शहाणपणाचा वाटला, तरी तो खरा नाही. बाहेरची उष्णता घरात शिरते ती आतल्या आणि बाहेरच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात. घर जितके थंड ठेवावे तितकी अधिक उष्णता आत ओढली जाते आणि ती सारी यंत्राला रात्रंदिवस बाहेर फेकावी लागते. घर तापू दिले तर एका मर्यादेनंतर उष्णता आत येण्याचे थांबते. परतल्यावर ते एकदा थंड करण्यास जी वीज लागेल, ती पंधरा दिवसांच्या अखंड खर्चापुढे किरकोळ असते. मडके पंधरा दिवस भरून ठेवले म्हणून सोळाव्या दिवशी कोणाची तहान अधिक भागत नाही, तसाच हा प्रकार आहे.

मग हा समज आला कोठून? तो आला अमेरिकेसारख्या देशांतील सल्ल्यांमधून. तेथील दमट दक्षिणेकडील प्रांतांत घरे लाकडी सांगाड्याची, जिप्समच्या पातळ भिंतींची आणि बाहेरच्या हवेला बंद केलेली असतात. महिनाभर हवा खेळली नाही तर दमटपणाने भिंतींना बुरशी लागते. म्हणून तेथे घर सोडतानाही यंत्र वरच्या तापमानावर चालू ठेवण्यास सांगितले जाते. त्यांच्या हवेला आणि बांधणीला ते योग्य असेल. पण भिवापूरच्या वैशाखात हवेत ओलाव्याचा लवलेश नसतो आणि भिंती विटा-सिमेंटच्या असतात. येथे त्या सल्ल्याला काही आधारच उरत नाही. यंत्र परदेशातून आले यात वावगे नाही. परंतु यंत्राबरोबर त्याच्या वापराची रीतही डोळे झाकून उचलली, देश-काल-परिस्थितीचा विचार केला नाही, की स्वबोध हरवतो. स्वदेशीचा विचार केवळ वस्तू कोठे बनली एवढ्यापुरता नाही. आपल्या हवेला, आपल्या मातीला काय मानवते हे आपल्या बुद्धीने ठरवणे, हाही स्वदेशीचाच भाग आहे.

आता थोडा हिशेब. दीड टनाच्या सामान्य यंत्राचा कॉम्प्रेसर चालू असताना सुमारे दीड किलोवॅट वीज लागते. रिकाम्या घरात तो निम्मा वेळच चालला असे धरले, तरी दिवसाला अठरा युनिट आणि पंधरा दिवसांत दोनशे सत्तर युनिट होतात. एक युनिट औष्णिक विजेसाठी साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे जेथे माणूसच नाही अशा एका खोलीच्या गारव्यासाठी पावणेदोनशे किलोच्या आसपास कोळसा. याच विजेवर शेतातील पाच अश्वशक्तीचा पंप साठेक तास चालू शकेल.

वाचलेली वीज लगेच तारेतून शेजारच्या वावरात जाते असे नव्हे. वाहिन्यांची रचना तशी नसते. परंतु वीज ही राज्याची सामायिक शिदोरी आहे आणि उन्हाळ्यातील वाढत्या मागणीचा भार अखेर कोणावर पडतो, हे ग्रामीण विदर्भाला नव्याने सांगावे लागत नाही. २००५नंतरची काही वर्षे याच भागाने बारा-बारा तासांचे भारनियमन सोसले. रात्री-अपरात्री वीज येते म्हणून काळोखात, विंचू-सापाच्या भीतीत पंप सुरू करण्यासाठी शेतकरी बांधावर जात राहिला. शेतीला दिवसा वीज मिळावी यासाठी राज्याला सौर कृषी वाहिनीसारखी योजना २०१७मध्ये हाती घ्यावी लागली, ती याच वेदनेतून.

आणि वीज येते कोठून? नागपूर जिल्ह्यातच कोराडी, खापरखेडा आणि मौदा येथे औष्णिक केंद्रे आहेत. भिवापूरच्या शेजारी उमरेडला कोळशाच्या खाणी आहेत. महाराष्ट्राच्या दिव्यांसाठी लागणाऱ्या कोळशाची धूळ आणि राख या भूमीच्या वाट्याला येते. जुलै २०२२मध्ये कोराडीच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी परिसरातील शेतांत शिरले. ‘आमचे बिल आम्ही भरतो, मग वीज कशी वापरावी हे सांगणारे तुम्ही कोण?’ असे विचारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की विजेच्या बिलात त्या शेतांची नुकसानभरपाई धरलेली नसते. पैशाने विजेची किंमत चुकती होते, पण तिचे ऋण फिटत नाही.

ऋण हा शब्द येथे सहज आलेला नाही. आपल्या परंपरेने उपभोगाला कधीच पाप मानले नाही. त्यागपूर्वक भोग घ्यावा, एवढेच ईशावास्य उपनिषदाने सांगितले. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले, तेव्हा निसर्गाचे दोहन करावे, शोषण नव्हे, हाच त्यामागचा आग्रह होता. गाईचे दूध काढणे आणि गाईचे रक्त काढणे यांतील अंतर ज्याला कळते, त्याला वसलेल्या घरातील गारवा आणि ओस घरातील गारवा यांतील अंतरही कळावयास हवे.

तेव्हा घर सोडताना करावे काय? गोष्टी साध्या आहेत. निघण्यापूर्वी एसीची जाळी धुवावी. यंत्र अर्धा-पाऊण तास केवळ पंख्यावर चालवावे, म्हणजे आतली ओल सुकते आणि परतल्यावर कुबट वास येत नाही. नंतर रिमोटवर न थांबता भिंतीवरचे बटण, शक्य तर एमसीबीच खाली करावी. रिमोटने बंद केलेले यंत्र थोडी वीज घेतच राहते. ती एका घरापुरती नगण्य असली, तरी वळवाच्या वादळात वीज येते-जाते तेव्हा दाब वाढून यंत्राचे सर्किट जळण्याचा धोका मोठा असतो. पश्चिमेच्या खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावेत. परतल्यावर आधी दारे-खिडक्या उघडून कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यावी, मग यंत्र लावावे आणि तेही चोवीस अंशांवर. नव्या यंत्रांत हेच तापमान मुळात लावलेले असावे, असा नियम केंद्र सरकारने जानेवारी २०२०पासून केला आहे आणि तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगते.

अर्थात भिवापुरातील बहुसंख्य घरांत आजही एसी नव्हे, कूलरच आहे, आणि त्याच्याबाबत निष्काळजीपणा अधिक महाग पडतो. गावाला जाताना कूलरची टाकी भरलेली राहिली, तर डेंग्यूच्या डासाला आयते आंदण मिळते. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. सुटी त्याहून मोठी असते. केवळ पाणी ओतून देणेही पुरेसे नाही. या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागताच फुटतात. म्हणून टाकी घासून, पुसून, कोरडी करावी. या डासाला कुलूप कळत नाही. मालक महाबळेश्वरी असतो आणि ताप शेजारच्या लेकराला येतो.

शेवटचा मुद्दा शेजाराचा. पूर्वी घराची किल्ली शेजारी दिली जाई. तुळशीला पाणी घालणे, दोन दिवसांआड दार उघडून पाहणे, हे न सांगता होत असे. आज ते काम भ्रमणध्वनीतील यंत्रणेकडे सोपवले जात आहे. यंत्रणा घर थंड करील, पण तुळशीला पाणी घालणार नाही. पावसाळ्यात खरोखरच ओल धरते तेव्हाही घराला हवे असते ते उघडे दार, आणि दार उघडायला माणूस लागतो. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने मांडल्या गेलेल्या पंच परिवर्तनात पर्यावरण, कुटुंब प्रबोधन, स्वबोध, समरसता आणि नागरिक कर्तव्य हे पाच विषय आहेत. ते मोठ्या सभांमधून ऐकले जातात. त्यांचे आचरण मात्र अशाच लहान कृतींतून होत असते. सुटीला निघताना खाली केलेली एमसीबी, कोरडी केलेली टाकी आणि शेजारच्या काकूंच्या हाती दिलेली किल्ली, यासाठी ना पैसा लागतो, ना कायदा. लागते ती फक्त आपल्या पलीकडच्या माणसाची आठवण.