आजींचं गोंदण



इंदूरात राजवाड्याच्या बाजूला आमचा फोटो स्टुडिओ. वडिलांनंतर मी बसलो, त्याला पस्तीस वर्षं होत आली. आपल्या मराठी घरांतल्या मुंजी, साखरपुडे, पंचाहत्तऱ्या किती काढल्या याची गणती नाही. आज मात्र एका चुकीबद्दल लिहितोय, कारण तीच चूक आता मोबाईलवर घरोघरी होते आहे.

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एक काका आपल्या आईला घेऊन आले. आजींच्या दोन भुवयांच्या मध्ये हिरवट गोंदण होतं. जाताना काका हळूच म्हणाले, "जरा साफ करून द्या हं."

तेव्हा कृष्णधवल रोल असायचे. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. तिथे टोकदार पेन्सिल हलक्या हाताने भरली की छापताना तो भाग उजळ येतो. मी सुरकुत्या भरल्या आणि गोंदणही भरून टाकलं. हात चांगला आहे असं वडील म्हणाले, मीही खूश.

फोटो बघून आजींनी कपाळावर बोट ठेवलं. "अरे, कुंकू तर गेलंच होतं. हे माझ्या आईने करवलेलं गोंदण तू कशाला काढून राहिला?"

काका हसले, "आई, बघ किती तरुण दिसतेस!" मीही हसलो. तोच फोटो पुढे हार घालून भिंतीवर लागला.

मागच्या वर्षी त्यांची नात आली. तिला गोंदण असलेला फोटो हवा होता. जुन्या पेटीतल्या निगेटिव्ह पावसाच्या ओलीने कधीच चिकटून गेल्या होत्या. तिने विचारलं, "काका, नेमकं कुठे होतं हो? बाबांना पण नीट आठवत नाही." मला आठवत होतं. मीच पुसलं होतं ना!

तेव्हापासून माझं मत आणखी पक्कं झालंय. आठ दिवसांत जाणारी गोष्ट फोटोतून काढायला हरकत नाही: पुटकुळी, खरचटलेलं, डासाचा चावा. जन्मभर सोबत राहिलेली गोष्ट काढायची नाही. तीळ, व्रण, गोंदण, पडलेला दात, हा त्या माणसाचा हिशेब आहे. काढायचंच असेल तर ते फोटोतल्या माणसाने स्वतः सांगावं, पैसे देणाऱ्याने नाही.

लाला दीनदयाळ यांनी कॅमेरा हातात घेतला तो आपल्याच इंदूरात, १८७०च्या दशकात. पुढे ते निजामांचे छायाचित्रकार झाले आणि १८९२ साली हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी त्यांनी वेगळा स्टुडिओ काढला. समोर बसणाऱ्याला मोकळं वाटलं पाहिजे, हे त्या काळीही कळत होतं. मी आता आधी चहा मागवतो, गप्पा मारतो, कॅमेरा नंतर. "हसा" म्हणत नाही. आणि फोटो पहिल्यांदा दाखवतो तो ज्याचा आहे त्यालाच.

काही जण म्हणतील, छान दिसलं तर बिघडलं काय? आज काहीच बिघडत नाही. वीस वर्षांनी नातवंडं तो चेहरा शोधायला लागतात, तेव्हा बिघडतं.

घरात वडीलधारं माणूस असेल तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा, एक फोटो काढा आणि आला तसाच ठेवा.