पोडावरचा तीन पायऱ्यांचा पाठ
२०२०च्या टाळेबंदीत राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम हाती घेतला, तेव्हा साधनांपेक्षा पाठआराखडा, म्हणजे कोणत्या उद्दिष्टासाठी कोणती कृती कोणत्या क्रमाने घ्यावी याची मांडणी, अधिक अवघड ठरली. बालभारतीच्या पुस्तकावरील क्यूआर कोड स्कॅन केला की २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचावरील साहित्य उघडते खरे. परंतु यवतमाळ जिल्ह्यात झरी जामणी किंवा केळापूरकडच्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, घरात द्राविडी कुळातील कोलामी बोलली जात असल्याने प्रमाण मराठीतील लांबलचक व्हिडिओ रेंज असूनही मुलांना परकाच राहतो. तिथे व्हॉट्सॲपवर एक ठळक छायाचित्र, त्यासोबत कोलामीतून मिनिटभराचा आवाजी संदेश आणि उत्तरादाखल वहीच्या पानाचा फोटो, एवढ्यावर पाठ उभा राहतो, आणि घरातला एकुलता फोन संध्याकाळी शेतावरून परतल्यावरही तो ऐकता येतो. (शिक्षकाला कोलामी येत नसेल, तर पोडावरच्या एखाद्या मोठ्या मुलीचा आवाज घ्यावा, त्यात कमीपणा कसला?) प्रशिक्षण वर्गांनी आधी असा एक पाठ प्रत्येक शिक्षकाकडून करवून घ्यावा, गुगल फॉर्म, म्हणजे ऑनलाइन प्रश्नपत्रिका, नंतर शिकवता येईल.