आभाळाचा दर

आभाळाचे पैसे द्यायचे की नाहीत, या प्रश्नावर या आठवड्यात माझी आणि एका नगरपालिकेच्या अभियंत्यांची अर्धी दुपार गेली. नगरपालिकेचं नाव घेत नाही. बिल निघायचंय.

काम भिंतीचं. 60 फूट लांब, 20 फूट उंच, आणि दर अर्थातच स्क्वेअर फुटावर. साहेब एमबी, म्हणजे मोजमापाची वही, बगलेत मारून आले, सोबत टेप धरायला एक पोरगा. आधी खिडक्या वजा झाल्या. त्याला माझी हरकत नव्हती, काचेवर मी काही काढलेलं नव्हतं. मग पाण्याचा पाइप वजा झाला. हा पाइप मी उसाच्या कांड्यात दडवला होता, पेरं काढून, पाचट सोडून, आणि तो बघून साहेब स्वतः ‘वा!’ म्हणाले होते. ‘वा’ म्हणून झाल्यावर वजा केला. मग त्यांनी मान वर केली.

“हे वरचं सगळं निळंच आहे की. इथं काय काढलंय?”

“आभाळ.”

“ते दिसतंय हो. पण चित्र कुठाय त्यात?”

खाली गुऱ्हाळ होतं, कुस्तीचा फड होता, लेझीम होती, ‘कचरा घंटागाडीतच टाका’ हे वाक्य होतं. त्या सगळ्याला पूर्ण दर. आभाळ मात्र ‘साधं रंगकाम’ या सदरात, म्हणजे कंपाउंडच्या भिंतीला जो दर तोच. माणूस वाईट नव्हता. जाता जाता त्यानंच तोडगा सुचवला : “पाच-सहा पाखरं टाका की वर. म्हणजे मला पूर्ण एरिया धरता येईल.”

आता नेहमीच्या वाचकांना माझं आणि टेपचं वैर ठाऊक आहे, त्यामुळे ते पुन्हा उगाळत नाही. पण आभाळाबद्दल बोलू द्या. भिंतीवर सगळ्यात अवघड काय असेल तर हीच ‘काही न काढलेली’ जागा. पैलवान काढताना हात चुकला तरी दंडावर एक स्नायू वाढतो, कुणी तक्रार करत नाही. आभाळ वरून गडद आणि खाली फिकट होत यायला हवं, आणि बाहेरच्या भिंतीचा इमल्शन उन्हात बघता बघता सुकतो. एक पट्टा सुकला आणि दुसरा त्याला लावला की जोड दिसलाच. मग परांचीवर दोघांनी शेजारी उभं राहायचं, एकानं रंग लावत जायचं, दुसऱ्यानं ओल्यात ओलं मिसळत यायचं, आणि 60 फूट संपेपर्यंत चहाचं नाव काढायचं नाही. बरं, त्या भिंतीला पावसाळ्याचा लोणा. तो खरवडून, प्रायमर मारून मग हे. गुऱ्हाळ आणि फड त्यापुढे सुट्टीचं काम.

आणि हे कोल्हापूरच्या इतक्या जवळ! याच शहरात आनंदराव आणि बाबुराव पेंटर या बंधूंनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. पडद्यावर राजवाडा असो की अरण्य, मागं आभाळ असायचंच. बाबुराव पुढे कॅमेरा जुळवून सिनेमाकडे वळले, 1920 मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ आला. आमच्याकडे आजही ‘पेंटर’ ही पदवी आडनावासारखी लावतात. आणि त्या गावच्या पेंटरला सांगतात, पाखरं टाका.

तर, चित्रकारांचा सीझन जोरात आहे. तो याच दिवसांत का, हे विचारणाऱ्या सर्वांना एकदाच सांगतो. पाऊस गेला की भिंती वाळतात, म्हणून दिवाळीनंतर भिंती. 2016 पासून स्वच्छ सर्वेक्षण सुरू झालं आणि गावोगावच्या कंपाउंडांना एकदम रंगाची तहान लागली, ती हिवाळ्यात जास्तच लागते. प्रदर्शनंही याच दिवसांत, कारण पावसाळ्यात चित्रं टेम्पोत घालून मुंबईला न्यायची कुणाची छाती नाही. जानेवारीत कोल्हापुरात टाऊन हॉलच्या बागेत ‘रंगबहार’ या संस्थेची मैफल असते, एकीकडे गाणं, एकीकडे चित्रं. आणि पहाटेचं धुकं, तिरपं ऊन, लांब सावल्या म्हणजे घाटावर बसून चित्र काढायचे दिवसही हेच. वर्षाचं सगळं चार महिन्यांत. उरलेले आठ महिने लोक विचारतात, “सध्या काय करता?”

मुंबईचं म्हणाल तर जहांगीर आर्ट गॅलरी. 1952 सालापासून चित्रकारांची जत्रा तिथे भरते आणि रांग अशी, की अर्ज केला तेव्हा मी तैलरंगात होतो, तारीख मिळाली तेव्हा जलरंगात. मंगळवार ते सोमवार, एक आठवडा. त्या आठवड्यात तुम्ही खुर्चीत बसायचं आणि लोकांनी तुमच्यासमोरून चालत जायचं. एसीसाठी आलेले लगेच ओळखू येतात, ते चित्रांकडे पाठ करून उभे राहतात. पूर्वी त्याच इमारतीत ‘समोवार’ हे कॅफे होतं. उदास वाटलं की जाऊन बसता यायचं. 2015 मध्ये ते बंद झालं. आता उदासीसुद्धा खुर्चीतच काढावी लागते. गेल्या खेपेला एका गृहस्थांनी चित्राची किंमत विचारली, मग मोबाइल काढून लांबी-रुंदीचा गुणाकार केला आणि पत्नीला म्हणाले, “पवईला याच्या निम्म्या रेटनं फ्लॅट येतो.” मी आनंदानं हो म्हणालो. आजवर माझी तुलना कुणी इतक्या वरच्या मालाशी केली नव्हती.

त्यापेक्षा पंचगंगेचा घाट बरा. तिथं पैशाचं कुणी विचारत नाही, सल्ले मात्र फुकट मिळतात. फिरायला आलेला प्रत्येक माणूस मागे थांबतो आणि सांगतो, की त्याला शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड होती. महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात एक इंटरमिजिएटवाला आहे आणि तो रोज सकाळी माझ्या पाठीमागे उभा असतो. “देऊळ थोडं डावीकडं घ्या.” देऊळ काही शतकं तिथंच आहे, पण घ्या.

परवा मात्र मागे उभा राहिला तो म्हशीचा मालक. मी त्याचीच म्हैस काढत होतो. ती पोटापर्यंत पाण्यात बसली होती, पाठ ओली, वर कोवळं ऊन. तो बराच वेळ काही बोलला नाही. इंटरमिजिएट झालेला नसावा. मग म्हणाला :

“म्हस निळी का केलीसा?”

“बघा की पाठीकडं.”

त्यानं बघितलं. मान तिरकी करून, गुडघ्यावर हात ठेवून, गिऱ्हाईक जनावर पारखतं तसं बघितलं. “व्हय की,” म्हणाला. “आभाळ पडलंय तिच्या पाठीवर. इतकी वर्सं धुतोय, कधी ध्यानात आलं न्हाई.” आणि लगेच, “पन कास कुठाय?”

कास पाण्याखाली होती. ते त्याला पटेना. म्हैस विकायला काढलेली होती, सांगलीकडचं एक गिऱ्हाईक लागलं होतं, आणि फोटोपेक्षा चित्रात ती अंगानं भरलेली दिसते असं त्याचं मत पडलं. चित्राचा फोटो काढून तो गिऱ्हाइकाला पाठवणार होता. “पाठ बघून कोन पैसं देतंय? कास दाखवा पेंटर, समदा भाव कासंवर असतोय.”

मी म्हटलं, कास काढायची तर तिला उभं करा. त्यानं हाक मारली. शीळ घातली. दगड पाण्यात टाकून बघितला. ती ढिम्म. तोवर माझ्या मागे पाच-सहा माणसं जमली होती, आणि कास कुठल्या बाजूनं चांगली दिसेल यावर त्यांच्यात दोन तट पडले. ए ग्रेडवाल्यांचा एक तट, दूधवाल्यांचा दुसरा. एकानं तर माझ्या हातातला ब्रश घेऊन हवेत आकार काढून दाखवला, आणि सांगायला वाईट वाटतं, आकार बरोबर होता.

शेवटी मालक वर गेला आणि त्यानं मोटारसायकल चालू केली. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे शिंगं रंगवून, मोरपिसं लावून म्हशी पळवतात, तेव्हा पुढं गाडी आणि मागं म्हैस हा प्रकार ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. त्यानं पुंगळी काढलेली गाडी दोनदा फाडफाड वाजवली. म्हैस उठली, कास वगैरे सगळं क्षणभर दिसलं, आणि ती पाणी निथळत घाट चढून गाडीमागं थेट गंगावेशीकडे निघून गेली. मालकाला थांबायचं होतं, पण ती मागून इतक्या जोरात येत होती की त्याला गाडी पळवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वळणावरून तो ओरडून काहीतरी सांगत होता. बहुतेक मोबाइल नंबर.