पाचवीचे पुस्तक, दुसरीचे वाचन

पाचवीत बसणारे मूल पाचवीचे पुस्तक वाचू शकते, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ‘असर’ या पाहणीत २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचे वाचन व गणित तपासले जाते. २०२४ च्या पाहणीत पाचवीतील निम्म्याहून थोड्या कमी मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. भागाकार दहांपैकी सुमारे तिघांनाच साधला. उरलेली मुले फळ्यावरचे उतरवून घेतात. वही भरते, अर्थबोध मात्र होत नाही.

याचा दोष मुलाच्या बुद्धीला देऊ नये. वर्गाची गती पाठ्यपुस्तक ठरविते आणि मागे पडलेल्यासाठी ते थांबत नाही. मुंबईत आरंभ झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने यावर सरळ उपाय योजिला. मुलांची तोंडी तपासणी करावयाची आणि दिवसातील काही वेळ इयत्ता बाजूस ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळ्यांप्रमाणे त्यांचे गट पाडावयाचे. प्रगती होताच मूल वरच्या गटात जाते. बिहारमध्ये शिक्षकांना केवळ साहित्य व प्रशिक्षण दिल्याने फारसा फरक पडला नव्हता. हरियाणात २०१२-१३ मध्ये याच कामासाठी रोज एक तास राखून ठेवला, तेव्हा वाचन सुधारले.

हीच तपासणी पालकांस घरी करता येईल. मजकूर शाळेच्या माध्यमाच्या भाषेतील असावा. इंदूर वा हैदराबाद येथील मराठी घरातील मूल अन्य माध्यमात शिकत असेल, तर त्याच्या मराठी वाचनाची पारख वेगळी करावी. प्रथम पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद द्यावा. तो सहज वाचला तर गोष्ट द्यावी. अडखळल्यास पाच सोपे शब्द आणि त्यांतील चार न जमल्यास पाच अक्षरे द्यावीत. मूल जेथे स्थिरावेल, तेथून आरंभ करावा.

गणितातही तसेच. ४२ मधून १७ वजा करून मूल ३५ लिहीत असेल, तर ते ७ मधून २ काढीत आहे, हे ओळखावे. त्याच्यापुढे आणखी वीस उदाहरणे टाकण्याऐवजी दहा-दहा काड्यांच्या चार जुड्या व दोन सुट्या काड्या ठेवाव्यात. एक जुडी सोडली की बारा सुट्या काड्या होतात; त्यांतून सात उचलता येतात, आणि उरलेल्या तीन जुड्यांतून एक काढली की उत्तर २५ येते. हे स्वतः केलेल्या मुलास वजाबाकीचे मर्म निराळे समजावून सांगावे लागत नाही.

रोज अर्धा तास यासाठी काढावा. पाचवीतल्या मुलाच्या हाती दुसरीची गोष्ट देताना भावंडांसमोर त्यास हिणवू नये. एकदा लाज वाटली की ते पुस्तक लपवू लागते. महिन्याने पुन्हा तपासणी करावी, आणि पुढची पायरी गाठली असल्यास ते मुलास आवर्जून सांगावे.